पाण्याचा नमुना विसरू नका: ध्रुवीय अपृष्ठवंशीयांतली काइरल कीटकनाशकं कशी मोजायची

मोहिमेवरून परतलेल्या फ्रीजरमध्ये कॅलनसच्या (हा एक कोपेपॉड, म्हणजे इवला कवचधारी प्राणिप्लवक) बाटल्या आहेत, कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या अ‍ॅम्फिपॉडच्या पुड्या आहेत, क्रिल आहे, पण पाण्याचा एकही नमुना नाही. असं झालं की पुढची बरीचशी मेहनत वाया जाते. काही महिन्यांनी उपकरणातून अल्फा-एचसीएच या जुन्या कीटकनाशकाच्या दोन रूपांपैकी एकाच्या वाट्याचा आकडा येतो, समजा ०.४६. आणि पहिलाच प्रश्न उभा राहतो: हे प्राणी ज्या पाण्यात पोहत होते त्या पाण्याचा आकडा किती होता? तो माहीत नसेल, तर ०.४६ वरून प्राण्याबद्दल काहीही म्हणता येत नाही.

आर्क्टिक किंवा अंटार्क्टिक समुद्रातल्या छोट्या प्राण्यांत काइरल कीटकनाशकं किती साठली आणि साठल्यावर त्यांचं काय झालं, हे शोधायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी हा लेख आहे. परवानगीपासून आकड्याचा अर्थ लावण्यापर्यंतचा रस्ता इथे क्रमाने दिला आहे.

आधी रेणू निवडा

काइरल रेणू दोन रूपांत असतो. ही रूपं आरशातल्या प्रतिमेसारखी असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखी: घडण तीच, पण एकावर एक ठेवली तर जुळत नाहीत. अशा प्रत्येक रूपाला एनँशिओमर म्हणतात. ध्रुवीकृत प्रकाश उजवीकडे वळवणारा तो (+), डावीकडे वळवणारा तो (−). कारखान्यातून निघालेल्या अशा बहुतेक जुन्या कीटकनाशकांत दोन्ही समसमान असतात आणि अशा मिश्रणाला रेसिमिक म्हणतात.

या सगळ्या कामाचा पाया एका साध्या गोष्टीवर उभा आहे. बाष्पीभवन, वाऱ्यासोबतचा प्रवास, थंड पाण्यात विरघळणं, बर्फात अडकणं, चरबीत मुरणं या भौतिक क्रिया (+) आणि (−) यांत फरक करत नाहीत. हा फरक ज्याची स्वतःची घडणच काइरल आहे त्यालाच कळतो, म्हणजे जिवाणूंच्या आणि प्राण्यांच्या एन्झाइमांना. काही प्रथिनं रेणू बांधून ठेवताना किंवा वाहून नेतानाही एका रूपाला झुकतं माप देतात. म्हणून एकूण सांद्रता सांगते की रेणू किती पोचला, आणि दोन रूपांचं प्रमाण सांगतं की वाटेत त्याला कोण्या सजीवाचा हात लागला का.

सगळी जुनी कीटकनाशकं काइरल नसतात, आणि इथे गोंधळ होतो. एचसीएचच्या (हेक्साक्लोरोसायक्लोहेक्सेनच्या) नेहमी मोजल्या जाणाऱ्या समघटकांत, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी अशा रूपांत, फक्त अल्फा काइरल आहे. बीटा नाही, आणि गॅमा म्हणजे लिंडेनही नाही. डीडीटीत ऑर्थो-पॅरा रूप काइरल, पॅरा-पॅरा नाही. सिस-क्लोर्डेन, ट्रान्स-क्लोर्डेन, हेप्टाक्लोर आणि त्यांच्यापासून बनणारे ऑक्सिक्लोर्डेन व हेप्टाक्लोर इपॉक्साइड हे सगळे काइरल. ट्रान्स-नोनाक्लोर आणि डिल्ड्रिन मात्र नाहीत. तरी काइरल नसलेल्यांना यादीतून काढू नका. बीटा-एचसीएच आणि ट्रान्स-नोनाक्लोर सहजासहजी तुटत नाहीत, त्यामुळे काइरल रेणू किती घटला हे त्यांच्याशी तुलना करून पाहता येतं.

माझा सल्ला: सुरुवात अल्फा-एचसीएचपासून करा. तांत्रिक एचसीएचमध्ये, म्हणजे या समघटकांच्या कच्च्या कारखानी मिश्रणात, साधारण ६० ते ७० टक्के अल्फाच असतं, आणि जगभर मिळून ते सुमारे १ कोटी टन वापरलं गेलं. चीनने १९८३ मध्ये, सोव्हिएत संघाने १९९० मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये ते थांबवलं. अल्फा, बीटा आणि लिंडेन २००९ मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. पाणी जितकं थंड, तितकं अल्फा हवेतून पाण्यात जास्त ओढलं जातं. म्हणून हजारो मैल दूरच्या शेतांवर फवारलेलं हे द्रव्य आर्क्टिक महासागरात जमा होत गेलं. अंटार्क्टिकाभोवती ते बरंच कमी आहे, कारण बहुतेक वापर उत्तर गोलार्धात झाला. दक्षिणेत काम करणार असाल तर नमुन्याचं आकारमान पहिल्यापासूनच मोठं धरा.

परवानग्या आणि जहाज

अंटार्क्टिक करारासोबतचा पर्यावरण संरक्षण प्रोटोकॉल १९९१ मध्ये झाला आणि १९९८ पासून लागू आहे. तुमच्या देशाच्या सक्षम यंत्रणेकडून आगाऊ मंजुरी घेतल्याशिवाय तिथे नमुने घेऊ नका. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहावर स्थानिक गव्हर्नरच्या कार्यालयाचे नियम पाळावे लागतात. या कागदपत्रांत महिने जातात.

जहाज हाच प्रदूषणाचा मोठा स्रोत आहे हे विसरू नका. रंग, हायड्रॉलिक तेल, धुराडं, डेकवरचं ग्रीस. जाळं टाकताना आणि पाणी घेताना वारा जिकडून येतो ती बाजू निवडा, आणि इंजिनाच्या पाण्याचा विसर्ग जिथून होतो तिथून दूर राहा. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि काचेच्या बाटल्या निघण्याआधी ४५० अंश सेल्सियसला भाजून घ्या. आणि डेकवर उघडून, तेवढाच वेळ ठेवून बंद केलेल्या कोऱ्या बाटल्या प्रत्येक ठिकाणी घ्या. त्या नसतील तर कमी सांद्रतेच्या आकड्यांचं समर्थन करणं अवघड जातं.

पाणी आणि प्राणी एकाच ठिकाणी, एकाच दिवशी

पाणी त्याच ठिकाणचं आणि शक्यतो ज्या खोलीतून प्राणी आले त्याच खोलीचं हवं. ही खोलीची अट उगाच घातलेली नाही. आर्क्टिकमध्ये अल्फा-एचसीएचचं प्रमाण ठिकाणागणिक उलटंसुद्धा होतं. १९९० च्या दशकात दिसून आलं की बेरिंग आणि चुकची समुद्रात (−) जास्त घटलेलं आहे, तर आर्क्टिक महासागराच्या आतल्या भागात (+) जास्त घटलेलं आहे. पाण्यातल्या जिवाणूंचं हे काम. आता कॅलनससारखा एखादा कोपेपॉड उन्हाळा वरच्या थरात काढतो आणि हिवाळ्यात शेकडो मीटर खाली उतरून निपचित पडतो. त्याच्या चरबीत कुठल्या पाण्याची खूण आहे, हे पृष्ठभागाच्या एका बाटलीवरून कळणार नाही.

पाणी काचतंतूंच्या फिल्टरमधून गाळून मग शोषक राळेच्या किंवा घन-प्रावस्था निष्कर्षणाच्या नळीतून सोडा. अल्फा-एचसीएच बरंचसं विरघळलेल्या रूपातच असतं, म्हणून काही लिटर ते काही दशक लिटर पुरतात. क्लोर्डेन लिटरमागे पिकोग्रॅमच्या पातळीवर असतं. त्यासाठी शंभर लिटर किंवा जास्त पाणी पंपाने ओढावं लागतं.

प्राण्यांसाठी एकच जाळं पुरत नाही. कोपेपॉडसाठी २०० मायक्रोमीटर छिद्रांचं डब्ल्यूपी-२ जाळं चालतं, क्रिल आणि मोठ्या अ‍ॅम्फिपॉडसाठी मोठ्या तोंडाचं ट्रॉल. बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून राहणारे गॅमरस विल्कित्स्की किंवा अपेरुसा ग्लेशियालिस हे अ‍ॅम्फिपॉड पाणबुडे शोषण-पंपाने गोळा करतात. तळाचे प्राणी बॉक्स कोअर किंवा ओढजाळ्याने मिळतात. आमिष लावलेले सापळे सोयीचे असतात, पण मी ते टाळायला सांगेन. अ‍ॅम्फिपॉड आमिष पोटभर खातात, आणि मग तुम्ही मोजता ते आमिषातलं कीटकनाशक.

वर्गवारी: कंटाळवाणी, पण निर्णायक

बर्फावर ठेवलेल्या ताटलीत, थंड खोलीत, स्टीलच्या चिमट्याने प्राणी जातीनुसार आणि वाढीच्या टप्प्यानुसार वेगळे करा. कॅलनस हायपरबोरिअस, कॅलनस ग्लेशियालिस आणि कॅलनस फिनमार्किकस एकाच जाळ्यात येतात. पहिला सर्वांत मोठा, तिसरा सर्वांत लहान. त्यांचा चरबीचा साठा, आयुष्य आणि पाण्याची आवड वेगळी आहे. 'मिश्र प्राणिप्लवक' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतून एनँशिओमरच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ कधीच मिळत नाही. थेमिस्टो लिबेल्युला हा अ‍ॅम्फिपॉड कोपेपॉड खाणारा आहे, त्याला भक्ष्यासोबत एकत्र केलंत तर अन्नसाखळीची एक पायरीच हरवते.

शक्य असेल तिथे प्राणी काही तास गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून आतडं रिकामं होऊ द्या. क्रिलच्या बाबतीत मात्र घाई करा. युफॉशिया सुपर्बाची पचनाची एन्झाइमं इतकी जोरदार असतात की मेल्यावर तो स्वतःलाच पचवू लागतो. एन्झाइमांची करामत शोधायला निघालेल्या माणसाला मेल्यानंतरची करामत नको असते. सरळ गोठवा. चरबीचे प्रकार तपासायचे असतील तर उणे ८० अंश, नाहीतर उणे २० किंवा त्याखाली.

प्रत्येक जातीचे किमान तीन, शक्यतो पाच वेगळे संच करा, आणि प्रत्येकातून थोडा भाग समस्थानिकांसाठी बाजूला काढा. नायट्रोजन-१५ वरून प्राणी अन्नसाखळीत कितव्या पायरीवर आहे ते ठरवता येतं. आर्क्टिकमध्ये कॅलनसला पायरी २ मानून दर पायरीला ३.८ प्रति हजार वाढ धरायची रीत आहे.

चरबी काढायची, पण रेणू न बिघडवता

ध्रुवीय कोपेपॉडच्या चरबीत मेण-एस्टर भरपूर असतात. थंडीतला लांबचा उपवास ते या साठ्यावर काढतात. प्रयोगशाळेत मात्र याच मेणाने जीव मेटाकुटीला येतो. नमुना निर्जल सोडियम सल्फेटसोबत खलून डायक्लोरोमिथेन आणि हेक्सेनच्या मिश्रणाने निष्कर्षण करा. एक ठरावीक भाग वाळवून, वजन करून चरबीची टक्केवारी काढा.

मेण घालवण्यासाठी अल्कलीने साबणीकरण करायचा मोह होतो. तो आवरा. अल्कली एचसीएच आणि डीडीटी दोघांमधून हायड्रोजन क्लोराइड काढून घेते आणि रेणूच नष्ट होतो. तीव्र सल्फ्युरिक आम्ल अल्फा-एचसीएच आणि क्लोर्डेनला धक्का लावत नाही, पण डिल्ड्रिनला संपवतं. शिवाय चरबी जास्त असेल तर दाट इमल्शन बनतं. म्हणून मी आधी जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी करायला सांगेन, म्हणजे मोठे चरबीचे रेणू आकारावरूनच वेगळे पडतात. मग फ्लोरिसिल किंवा सिलिकाचा छोटा स्तंभ, आणि गरज असेल तरच शेवटी थोडंसं आम्ल.

निष्कर्षणाच्या सुरुवातीलाच लेबल केलेलं अल्फा-एचसीएच घाला: सहाही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, किंवा सहाही कार्बनच्या जागी कार्बन-१३. त्यावरून किती टक्के परत मिळालं ते कळतंच, पण आणखी एक मोठा फायदा आहे. हे लेबल रेसिमिक असतं. म्हणून प्रत्येक नमुन्यात लेबलमधल्या (+) रूपाचं एकूणाशी प्रमाण ०.५०० च्या आसपासच यायला हवं. ते सरकलेलं दिसलं तर दोष प्राण्यात नाही, स्तंभात किंवा नमुन्यातल्या घाणीत आहे.

दोन शिखरं वेगळी करताना

रेणू वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या साध्या स्तंभावर (बारीक नळीवर) (+) आणि (−) एकत्रच बाहेर पडतात, आलेखावर त्यांचं एकच शिखर दिसतं. त्यांना वेगळं करायला सायक्लोडेक्स्ट्रिनचा थर असलेला काइरल केशिका-स्तंभ लागतो. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेच्या कड्यांचा पेला, आणि तो स्वतः काइरल असल्यामुळे एका रूपाला किंचित जास्त वेळ धरून ठेवतो. तापमान हळू वाढवा. घाई केली की शिखरं एकमेकांत मिसळतात.

शोधक म्हणून ऋण रासायनिक आयनीकरणाचा मास स्पेक्ट्रोमीटर उत्तम. अल्फा-एचसीएचचा एक क्लोरीन गळून उरलेला आयन २५३, २५५ आणि २५७ या वस्तुमानांवर दिसतो, आणि त्यात २५५ सर्वांत उंच. सहा एककांनी जड लेबलचा आयन २५९ पासून सुरू होतो, पण २५९ वापरू नका. नैसर्गिक रेणूतल्या जड क्लोरीनमुळे त्याचंही थोडं शिखर २५९ वर पडतं. लेबलसाठी २६३ जास्त स्वच्छ आहे. नैसर्गिक रेणूचे दोन आयन मोजा. दोन्हींवरून काढलेलं प्रमाण जुळलं नाही, तर तिसरं कुठलं तरी संयुग मध्ये घुसलं आहे असं समजा आणि तो निकाल सोडून द्या.

कुठलं शिखर (+) आणि कुठलं (−), हे दुसऱ्या कुणाच्या लेखावरून उचलू नका. स्तंभाचा प्रकार बदलला की क्रम उलटा होऊ शकतो. शुद्ध एनँशिओमरचं प्रमाणित द्रावण तुमच्याच स्तंभावर चालवून खात्री करा. आणि शक्य असेल तेव्हा महत्त्वाचे नमुने दोन वेगळ्या स्तंभांवर तपासा. क्रम उलटूनही आकडा तोच आला, तर त्यावर विश्वास ठेवता येतो.

आकडा काढणं

दोन रूपांचं प्रमाण सांगायला पूर्वी गुणोत्तर वापरत, म्हणजे (+) भागिले (−). त्यात अडचण अशी की (−) निम्मं झालं तर उत्तर २ येतं आणि (+) निम्मं झालं तर ०.५. घट सारखीच, पण आलेखावर अंतर वेगळं. २००० मध्ये एनँशिओमर फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ, वापरण्याचा आग्रह धरला गेला, आणि आता तेच रूढ आहे:

ईएफ = (+) चं क्षेत्रफळ ÷ [(+) चं क्षेत्रफळ + (−) चं क्षेत्रफळ]

रेसिमिक म्हणजे ०.५. वरच्या दोन उदाहरणांचे ईएफ ०.६६७ आणि ०.३३३ येतात, मध्यापासून समान अंतरावर. नमुन्यांच्या अधूनमधून रेसिमिक प्रमाणित द्रावण अनेकदा चालवा आणि त्याची सरासरी व विखुरण काढा. नमुन्याचा ९५ टक्के विश्वास-पल्ला प्रमाणित द्रावणाच्या पल्ल्याबाहेर असेल तरच 'रेसिमिक नाही' असं लिहा.

जैवसंचय गुणक वेगळा काढा: चरबीतली सांद्रता भागिले पाण्यातली विरघळलेली सांद्रता, दोन्ही एकाच एककात. इथे ऋतू लिहायला विसरू नका. वसंतातला रोडावलेला कोपेपॉड आणि शरदातला चरबीने फुगलेला कोपेपॉड एकाच जातीचे असले तरी त्यांच्या चरबीची एका ग्रॅममागची सांद्रता सरळ तोलता येत नाही.

अर्थ लावताना घसरण्याच्या जागा

मानून चला की पाण्याचा ईएफ ०.४३ आहे आणि प्राण्याचाही ०.४३. तो ०.५ पेक्षा कमी आहे म्हणून 'प्राण्याने (+) तोडलं' असं लिहिणं चूक आहे. प्राण्याने पाण्याची खूण जशीच्या तशी उचलली, एवढंच खरं.

आता प्राण्याचा ईएफ ०.५० आला असं माना. आकडा रेसिमिक दिसतो, पण पाण्यात ४३ ला ५७ असं प्रमाण होतं. (+) चे ४३ तसेच राहिले असं धरलं तर (−) ५७ वरून ४३ वर आलं, म्हणजे साधारण चौथा भाग गेला. एकूण रेणूंपैकी १४ टक्के. ही किमान घट आहे, कारण (+) सुद्धा तुटलं असू शकतं. तेव्हा ०.५० ला निरुपद्रवी समजू नका, ते कशाच्या शेजारी ठेवलं आहे ते पाहा.

तिसरी जागा सर्वांत फसवी. बदल दिसला नाही म्हणजे तोडफोड झालीच नाही, असं ठरत नाही. अल्फा-एचसीएचचा ऑक्टॅनॉल-पाणी सहगुणक (रेणू पाण्यापेक्षा चरबीसारख्या द्रावकात किती पट जास्त जातो त्याचं माप) १० च्या ३.८ व्या घाताच्या आसपास आहे, म्हणजे तो कीटकनाशकांत बऱ्यापैकी पाण्यात जाणारा आहे. लहान प्राण्यात तो शरीराच्या पृष्ठभागातून आणि कल्ल्यांतून भराभर आत-बाहेर होतो. एन्झाइम हळूहळू एक रूप तोडत असलं, तरी पाण्यातून येणारा नवा पुरवठा ती खूण पुसत राहतो. क्लोर्डेनमध्ये हे कमी घडतं. त्याचा सहगुणक दहाच्या सहाव्या घाताजवळ असल्यामुळे तो मुख्यतः अन्नातून येतो आणि शरीरात टिकून राहतो. म्हणून एकाच प्राण्यात अल्फा-एचसीएच 'काहीच नाही' म्हणत असताना क्लोर्डेन 'काहीतरी घडलंय' म्हणू शकतो, आणि दोन्ही खरे असतात. निकाल लावायचा तर जिवंत प्राणी दूषित अन्नावर ठेवून मग स्वच्छ अन्नावर आणायचे आणि ईएफ कसा सरकतो ते पाहायचं. गोड्या पाण्यातला मायसिस रेलिक्टा हा कोळंबीसारखा लहान प्राणी काही काइरल ऑर्गॅनोक्लोरिन संयुगं अशी निवडून बाहेर टाकू शकतो, हे २००६ मध्ये अशाच प्रकारे दाखवलं गेलं. अपृष्ठवंशीयांना हे जमतच नाही, ही जुनी समजूत तिथे ढिली पडली.

क्लोर्डेनमध्ये आणखी एक अडचण आहे. मातीतले जिवाणू त्याला आधीच एकीकडे झुकवतात, आणि जुन्या मातीतून उडालेलं क्लोर्डेन ध्रुवावर पोचतं तेव्हाच रेसिमिक नसतं. ऑक्सिक्लोर्डेन तर जन्मापासूनच एकांगी असू शकतं, कारण तो तोडफोडीतूनच तयार होतो. इथेही पाणी आणि भक्ष्य दोन्ही मोजल्याशिवाय बोलू नका.

ग्रीनलंड आणि एल्समिअर बेटाच्या मधल्या नॉर्थवॉटर पॉलिन्यातलं (पॉलिन्या म्हणजे समुद्री बर्फाने वेढलेलं उघडं पाणी) काम या सगळ्याचा चांगला नमुना आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाणी, गाळ, तळाचे प्राणी, प्राणिप्लवक, मासे, समुद्रपक्षी आणि सील एकत्र तपासले गेले. अपृष्ठवंशीय आणि मासे यांचा अल्फा-एचसीएचचा ईएफ पाण्यासारखाच निघाला. समुद्रपक्ष्यांत मात्र तो ०.६५ ते ०.९७ पर्यंत गेला, आणि जिथे ईएफ वाढला तिथे बीटा-एचसीएचचा वाटाही वाढलेला होता. पक्ष्यांत (−) झपाट्याने तुटत होतं, हे दोन स्वतंत्र पुराव्यांनी सांगितलं. खालच्या पायरीवर पाण्याची खूण शाबूत होती म्हणून वरच्या पायरीवरचा बदल पक्ष्यांच्या नावावर टाकता आला.

बर्फाखालच्या प्राण्यांत हा क्रम लावणं अजून अवघड आहे. समुद्राचं पाणी गोठताना मीठ आणि त्यासोबत अल्फा-एचसीएच बर्फातल्या खाऱ्या पोकळ्यांत एकवटतं, आणि गॅमरस विल्कित्स्की अशाच बर्फाला चिकटून जगतो. तिथे 'सभोवतालचं पाणी' म्हणजे बर्फाखालचं पाणी की पोकळीतलं खारं पाणी? माझ्या मते दोन्ही घ्यायला हवीत. बर्फात आरपार न जाणारं अर्धवट छिद्र पाडून ठेवलं की खारं पाणी त्याच्या तळाशी साठतं, ते काचेच्या पिपेटने ओढता येतं. नमुन्यांच्या यादीत त्याची वेगळी ओळ आत्ताच लिहून ठेवा: ठिकाण, खोली, तापमान, क्षारता, आणि शेजारी पकडलेल्या प्राण्यांचा संच क्रमांक.